पडदा कुणाच्या मालकीचा?



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धती यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणार. आज मी त्यांपैकी कशावरही बोलणार नाही. १९८१ नंतर जगभरच्या कचेऱ्यांत जो छोटा वैयक्तिक संगणक आला, त्याच्या पडद्यावर नाना प्रकारची घाण उमटत असे. मध्येच पांढरे ठिपके चमकत, अक्षरे दुप्पट रुंद होत, कर्सर नाहीसा होई, एका प्रोग्रामाचे आकडे दुसऱ्याच्या चौकटीत घुसत. हे का होई आणि ते कसे निस्तरीत, हा आजचा विषय आहे.

ह्यात कामगाराचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध असा की, त्या पडद्यासमोर बसणारा माणूस कारकून होता. पडदा बिघडला की पहिला दोष त्याच्या माथी येई. प्रोग्राम लिहिणारा सातासमुद्रापलीकडे, यंत्र निर्जीव; सापडणार तो खुर्चीवरचा माणूस. तेव्हा बिघाड खरोखर कुठे उत्पन्न होतो हे समजून घेणे, हे आमच्या दृष्टीने बचावाचे काम होते. माझे शालेय शिक्षण थोडके. जे काही कळले ते रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांतून आणि ती पुस्तके समोर ठेवून यंत्राशी झटापट केल्याने. म्हणून शास्त्रज्ञाच्या भाषेत नव्हे, मला जसे समजले तसेच मी सांगणार आहे.

आयबीएम कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. त्यातील इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोक्यांनी चाले. आजच्या मानाने ही बैलगाडीच होय. त्याची स्मृती, म्हणजे मेमरी, ही एका भल्या मोठ्या चाळीसारखी समजा. चाळीत १०,४८,५७६ खोल्या; प्रत्येक खोलीला क्रमांक; आणि एका खोलीत ० ते २५५ पैकी एकच आकडा मावतो. पहिल्या ६,५५,३६० खोल्या प्रोग्रामांना राहावयास दिलेल्या. त्यांच्या वरच्या मजल्यावरील काही खोल्या मात्र राहण्याच्या नव्हेत. तिथे जो आकडा ठेवावा, तो त्याच क्षणी पडद्यावर अक्षर होऊन दिसतो. पडद्याचे कार्ड त्या खोल्या सेकंदाला ५०-६० वेळा वाचून काढते आणि वाचलेले काचेवर रंगवते.

पडद्यावर २५ ओळी, ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकूण २,००० जागा. प्रत्येक जागेला दोन खोल्या. पहिलीत अक्षराचा क्रमांक, उदाहरणार्थ इंग्रजी ‘ए’चा ६५; दुसरीत त्या अक्षराचा पेहराव, म्हणजे अक्षराचा रंग, पाठीमागचा रंग आणि लुकलुकावे की नाही ते. पेहराव ७ असेल तर काळ्यावर राखी अक्षर. ११२ असेल तर उलट, राखीवर काळे. आणि ० असेल तर काळ्यावर काळे. हा शून्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. असा ४,००० खोल्यांचा हा फलक. रंगीत कार्ड असेल तर तो ७,५३,६६४ व्या खोलीपासून सुरू होई, एकरंगी कार्ड असेल तर ७,२०,८९६ व्या खोलीपासून.

आता पडद्यावर लिहावयाचे दोन मार्ग होते. पहिला रीतसर. यंत्रातच कायम कोरलेला ‘बायोस’ नावाचा एक मूळ प्रोग्राम असतो; त्याला मुनीम म्हणू. मुनीमजींना सांगावे, अमुक अक्षर लिहा. ते कार्ड कोणते आहे ते पाहणार, कर्सर कुठे आहे ते पाहणार, अक्षर लिहिणार, कर्सर पुढे सरकवणार. काम चोख, परंतु प्रत्येक अक्षराला ही सारी वरात. दुसरा मार्ग असा की, मुनीमजींना बाजूला सारून प्रोग्रामाने स्वतःच त्या ४,००० खोल्यांत आकडे फेकून यावे. पहिल्या मार्गाने पान भरताना डोळ्यांना ते भरताना दिसे. दुसऱ्याने ते एकदम समोर उभे राही.

जानेवारी १९८३ मध्ये लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्राम बाजारात आला. त्याने हा दुसरा मार्ग धरला, आणि त्याचा झपाटा पाहून लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्यानंतर जो तो त्याच वाटेने जाऊ लागला. अशा प्रोग्रामांना पुढे जाणकार मंडळी बेशिस्त प्रोग्राम म्हणू लागली आणि बायोसमार्फत लिहिणाऱ्यांना सुशिस्त. मला ही वाटणी तितकीशी न्याय्य वाटत नाही. गिरणीत ‘नियमानुसार काम’ हे आमचे एक जुने हत्यार आहे. कामगाराने प्रत्येक नियम अक्षरशः पाळला की, दुपारपर्यंत खाते ठप्प होते. ह्याचा अर्थ एरवी खाते चालते ते नियम थोडे वाकवूनच, आणि मालकाला ते ठाऊक असते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचेही तेच झाले. रीतसर रस्ता इतका संथ करून ठेवला होता की, त्या रस्त्याने जाणाऱ्याचा माल खपला नसता. तेव्हा शिस्त मोडणाऱ्याला बोल लावताना शिस्तीची किंमतही मोजावी लागते. असो.

पहिला उपद्रव हिमाचा. रंगीत कार्डावर, ज्याला सीजीए म्हणत, ८० अक्षरांच्या ओळी चालू असताना पडद्यावर पांढऱ्या-रंगीत ठिपक्यांची भुरभुर होई. इंग्रजीत तिला बर्फ म्हणत. कारण मोठे सोपे आहे. त्या कार्डावरच्या स्मृतीला दार एकच. त्या दारातून कार्डही पडद्यासाठी वाचणार आणि प्रोसेसरही लिहिणार. दोघे एकाच क्षणी आले तर प्रोसेसरला आत सोडीत. कार्डाच्या हाती त्या क्षणी जे पडेल ते कार्ड रंगवून मोकळे होई, आणि तो भलताच आकडा ठिपका होऊन चमके. स्मृतीतला मजकूर बिघडत नसे, दर्शन तेवढे बिघडे.

ह्यावर उपाय होता तो वाट पाहण्याचा. काचेवर रेघ ओढणारा किरण उजव्या कडेला पोहोचला की विझतो आणि डावीकडे परत येतो. तसाच तळाशी पोहोचला की वर परततो, हे सेकंदाला ६० वेळा. परतीच्या त्या अवधीत कार्डाला वाचावयाचे नसते, म्हणजे दार मोकळे असते. कार्डावर ९८६ क्रमांकाची एक खिडकी होती. तीत डोकावले की, दार मोकळे आहे की नाही ते समजे. सभ्य प्रोग्रामाने खिडकीत पाहावे, मोकळे दिसताच एखाद-दुसरे अक्षर आत टाकावे, पुन्हा पाहावे. आडव्या परतीत याहून अधिक लिहिण्यास सवडच नसे. म्हणजे हिम थांबले, पण ज्या वेगासाठी मुनीमजींना बाजूला सारले होते तो वेग बराचसा गेला. स्वतः बायोस तरी काय करी? पान वर सरकवायचे झाले की तो क्षणभर पडदाच विझवी आणि अंधारात काम उरकी. म्हणून त्या यंत्रांवर ओळी वर सरकताना डोळे मिचकावल्यासारखा भास होई. दिवसभर असे मिचकावणे पाहणाऱ्याचे डोके संध्याकाळी का दुखते, हे डॉक्टरला विचारावयाची गरज नाही.

पुढे १९८४ मध्ये ईजीए आणि १९८७ मध्ये व्हीजीए ही कार्डे आली. त्यांच्यावर हिम पडत नसे. एकरंगी कार्डावर तर ते मुळातच पडत नव्हते. तेव्हा प्रोग्राम बसवतानाच प्रश्न विचारण्याची पद्धत पडली : तुमच्या पडद्यावर हिम दिसते काय? ‘नाही’ म्हटले की वाट पाहणे बंद, वेग परत. १९८७ च्या टर्बो पास्कल ४ मध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी ‘चेकस्नो’ नावाची एक कळच ठेवलेली होती. गंमत अशी की, पुष्कळ कचेऱ्यांत प्रोग्राम बसवणारा एक आणि वापरणारा दुसरा. त्यामुळे बसवणाऱ्याने न वाचता ‘होय’ म्हटलेले असे आणि चांगल्या कार्डाचे यंत्रसुद्धा वर्षानुवर्षे विनाकारण थांबत थांबत चाले.

दुसरा उपद्रव घर सोडताना झाडून न जाण्याचा. प्रोग्राम सुरू होताना पडदा आपल्या सोयीचा करून घेतो. कुणी ४० अक्षरांच्या ओळी करतो, कुणी कर्सर लपवतो, कुणी चित्रांची अवस्था लावतो. बाहेर पडताना हे सारे पूर्ववत करून जाणे हे त्याचे कर्तव्य. पण प्रोग्राम अर्ध्यावरच कोसळला, किंवा लिहिणाऱ्याने आळस केला, की मागची रद्दी डॉसच्या गळ्यात पडे.

कर्सरचे उदाहरण घ्या. रंगीत कार्डावर एक अक्षर ८ आडव्या रेषांचे बनते. वरची रेष शून्य धरली तर कर्सर ६ व्या आणि ७ व्या रेषेवर, म्हणजे अक्षराच्या पायाशी. एकरंगी कार्डावर अक्षर १४ रेषांचे, तिथे कर्सर ११ व्या-१२ व्या रेषेवर हवा. रंगीत कार्ड गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम एकरंगी यंत्रावर ६ आणि ७ हेच आकडे भरून निघून गेला की, कर्सर अक्षराच्या बरोबर पोटातून जाई. लिहिलेले सारे खोडल्यासारखे दिसे. नवा कारकून घाबरून पुन्हा पुन्हा तीच ओळ लिहीत बसे.

आणि आता तो शून्य. नव्वदीच्या आरंभीची गोष्ट आहे. मी तेव्हा संघटनेत नवखा होतो. एका कचेरीत पगारपत्रके करणाऱ्या एका बाईंना ‘निष्काळजीपणे यंत्र नादुरुस्त केल्याबद्दल’ खुलासा मागणारा कागद आला. यंत्र चालू होते, पंखा फिरत होता, हिरव्या पडद्यावर मात्र काहीही नाही. बाई मला म्हणाल्या, “अहो भाऊ, मी नेहमीसारखं बाहेर पडायचं बटण दाबलं. दुसरं काही केलं असेल तर हात कलम करा.” साहेबांचे म्हणणे, पडदा जळाला. मी बाईंना विचारले की, कळा दाबल्यावर डिस्कचा दिवा लागतो, तसे काही होते का? त्यांनी डिरेक्टरीचा हुकूम आंधळेपणाने टाइप केला. दिवा लागला. म्हणजे यंत्र ऐकत होते, उत्तरही देत होते. ते उत्तर काळ्यावर काळे उमटत होते.

असे होण्याचे कारण बायोसच्या वळणात आहे. डॉस अक्षर लिहिते ते बायोसच्या एका साध्या कामामार्फत. ते काम पहिल्या खोलीत अक्षराचा क्रमांक ठेवते, पण दुसऱ्या खोलीतल्या पेहरावाला हात लावीत नाही. आधीच्या प्रोग्रामाने सगळे पेहराव शून्य करून पळ काढला असेल, तर नंतर लिहिलेले प्रत्येक अक्षर तोच काळा अंगरखा घालून उभे राहते. त्या बाईंनी न दिसणाऱ्या पडद्यावर ‘सीएलएस’ ही तीन अक्षरे आणि एंटर दाबले. डॉसचा हा पडदा पुसण्याचा हुकूम पुसता पुसता पेहरावही ७ करून ठेवतो. हिरवी अक्षरे परत आली. खुलाशाचा कागद मागे घेतला गेला. ज्याने तो प्रोग्राम पुरवला त्याला मात्र कुणी कागद पाठवल्याचे मला स्मरत नाही.

त्यानंतर आम्ही काही कचेऱ्यांत यंत्राशेजारी एक पुठ्ठा टांगला. त्यावर उपाय क्रमाने लिहिले होते. प्रथम ‘सीएलएस’. त्याने भागले नाही तर ‘मोड’ हा हुकूम : रंगीत कार्डाला ‘मोड सीओ८०’, एकरंगीला ‘मोड मोनो’. ह्याने बायोसला पडदा मुळापासून पुन्हा मांडावा लागतो; ओळीची रुंदी, कर्सर, चित्रांची अवस्था, सारे जागेवर येते. ज्या यंत्रात ‘एएनएसआय.एसवायएस’ हा जादा भाग चढवलेला असे, तिथे रंगांची आठवण तो भाग ठेवी, आणि ‘सीएलएस’ त्याच आठवणीतल्या रंगाने पुसे. तिथे ‘प्रॉम्प्ट’ ह्या हुकमात रंग पूर्ववत करण्याची खूण एकदा घालून ठेवली की, प्रत्येक नव्या ओळीच्या आरंभी रंग आपोआप ठिकाणावर येत. हा उपाय मला सर्वांत आवडे, कारण त्यात माणसाला काही लक्षात ठेवावे लागत नाही. सर्वांत शेवटी यंत्र बंद करून चालू करणे. पुठ्ठ्यावर हे मुद्दाम शेवटी होते. कारण बहुतेक साहेब ते सर्वांत आधी करीत, आणि न साठवलेले काम त्यात जाई.

खरा गुंता झाला तो एका पडद्यावर दोन प्रोग्राम नांदू लागल्यावर. एका खोलीत दोन बिऱ्हाडे म्हणजे काय, हे गिरणगावात वाढलेल्याला समजावून सांगायला नको. १९८४ मध्ये बोरलँड कंपनीचे साइडकिक आले. ते स्मृतीत दबा धरून बसे आणि ठराविक कळा दाबल्या की चालू प्रोग्रामाच्या डोक्यावर आपली वही उघडी. जाताना खालचा मजकूर जसाच्या तसा ठेवावयाचा, म्हणून असले प्रोग्राम आधी त्या ४,००० खोल्यांची नक्कल करून ठेवीत. पण असे दोन-तीन भुंगे एकाच यंत्रात शिरले, किंवा खालचा प्रोग्राम चित्रांच्या अवस्थेत असला, की नक्कल कुणाची आणि ती परत कुठे ठेवायची, याचा गोंधळ उडे. उपाय एकच : कोण आधी चढवायचा आणि कोण शेवटी, याचा क्रम बदलून पाहणे.

मग आयबीएमचे टॉपव्ह्यू, क्वार्टरडेकचे डेस्कव्ह्यू आणि १९८५ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचे विंडोज आले. ह्यांना पडद्यावर निरनिराळ्या चौकटी पाडून प्रत्येक प्रोग्रामाला एकेक द्यावयाची होती. सुशिस्त प्रोग्राम बायोसला सांगून लिहितो, तेव्हा त्याला वाटेत अडवून त्याच्या चौकटीत वळवता येते. बेशिस्त प्रोग्राम थेट ७,५३,६६४ व्या खोलीत जाणार. त्याला चौकट ठाऊकच नाही. मागे ढकललेला असतानाही तो समोरच्याच्या मजकुरावर आपले आकडे सांडी.

टॉपव्ह्यूने ह्यावर समेटाची एक सुंदर तोड काढली होती. प्रोग्रामाने लिहिण्यापूर्वी एकदाच विचारावे : मी पडदा अमुक खोलीपासून समजतो, बरोबर आहे ना? एकटाच असेल तर उत्तर जसेच्या तसे परत येई. वाटेकरी असतील तर टॉपव्ह्यू त्याला दुसऱ्या खोल्यांचा पत्ता देई. तिथे त्याने हव्या त्या वेगाने लिहावे आणि लिहून झाले की कळवावे, म्हणजे टॉपव्ह्यू ते त्याच्या चौकटीत नेऊन लावी. वेगही राहिला, शेजारधर्मही राहिला. ज्याने शिस्तीचा रस्ता चालण्याजोगा केला, त्याला शिस्त मागण्याचा अधिकार पोहोचतो. परंतु जे प्रोग्राम आधीच विकले गेले होते ते असे काही विचारणार नव्हते. त्यांच्यासाठी विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत प्रत्येक प्रोग्रामामागे एक पत्रक ठेवावे लागे, त्याला पिफ म्हणत. हा प्रोग्राम पडद्यावर थेट हात टाकतो काय, असा त्यात एक रकाना होता. तिथे खूण केली की, त्याला चौकट मिळत नसे. तो चालेल तर सगळा पडदा घेऊन, आणि मागे गेला की थांबून राहील. खूण करावयाची विसरली की पडद्यावर चिखल.

ह्या भांडणाचा निकाल लावला तो नव्या प्रोसेसरने. इंटेलने १९८५ मध्ये ८०३८६ आणला. त्याची करामत अशी की, तो चाळीच्या खोल्यांचे ४,०९६-४,०९६ चे गट करतो आणि प्रत्येक प्रोग्रामाला ह्या गटांचा वेगळा नकाशा देऊ शकतो. प्रोग्राम म्हणतो, मी ७,५३,६६४ व्या खोलीत लिहिले. प्रत्यक्षात नकाशाने त्याला भलत्याच ठिकाणच्या खोलीत नेलेले असते. पडद्याच्या ४,००० खोल्या एका गटात नेमक्या मावतात, हा योगायोग किती सोयीचा! आता बेशिस्त प्रोग्रामाला सुधारण्याची गरजच उरली नाही. साऱ्या पडद्याचा मालक आपणच, असे समजून तो खुशाल लिहीत बसतो, आणि वरचा कारभारी त्याचे लिखाण उचलून चौकटीत नेऊन लावतो. १९८७ चे विंडोज ३८६ आणि ८०३८६ वरचे डेस्कव्ह्यू ह्याच युक्तीवर चालत. माझे मत विचाराल तर टॉपव्ह्यूचा समेट मला अधिक पटतो. पण तो झालेल्या विक्रीला लागू पडत नव्हता, आणि नकाशाची युक्ती पडत होती.

आपल्या पुण्याचा ह्याच्याशी एक खास संबंध आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेने जिस्ट कार्ड दिले. ते यंत्रात खोचले की इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रामांतून मराठी लिहिता-वाचता येई. मराठी अक्षरांना क्रमांक दिले ते १६१ पासून वरचे. इस्की म्हणून ओळखला जाणारा हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. आता आयबीएमने त्याच वरच्या क्रमांकांत चौकटी काढण्याच्या रेघा ठेवल्या होत्या. उभी रेघ म्हणजे १७९, आडवी १९६. इस्कीत १७९ म्हणजे ‘क’ आणि १९६ म्हणजे ‘द’. एखादा परका प्रोग्राम हौसेने चौकट काढू लागला आणि तिचे क्रमांक कुणी इस्कीप्रमाणे वाचले, तर वर-खाली ‘द’ची रांग आणि दोन्ही बाजूंना ‘क’चे खांब. ह्यात बेशिस्त कुणाचीच नाही. एकाच खोलीचा भाडेकरार दोघांच्या नावाने झाला होता, इतकेच.

विंडोज ३ च्या, म्हणजे १९९० नंतरच्या काळात हेच भांडण रंगांवर आले. २५६ रंगांच्या पडद्यावर २० रंग विंडोजने स्वतःकडे ठेवले. उरलेले २३६ जो प्रोग्राम पुढे असेल त्याचे. त्याने ते बदलले की मागच्या चौकटीतली छायाचित्रे जांभळी-हिरवी होत. पडद्याला कोट्यवधी रंग मिळाल्यावर तो तंटा आपोआप मिटला. त्यावर अधिक वेळ घालवीत नाही.

आज जे ६४ बिटांचे विंडोज वापरात आहे, त्यावर डॉसचे ते जुने प्रोग्राम थेट चालत नाहीत. ज्यांना जुने हिशेब उघडावयाचे असतात, ते २००२ मध्ये निघालेल्या डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रामात सबंध जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल चालवतात. त्यांतल्या ८६बॉक्स नावाच्या एका नकलेत सीजीए कार्ड निवडले की हिम पडावे किंवा नाही, असा एक रकाना आहे. पुष्कळ हौशी मंडळी तिथे खूण करतात, असे ऐकतो. त्यांना दिवसाचे आठ तास त्यासमोर बसून पगारपत्रके करावी लागली नव्हती.